कंग्राळी बुद्रुक, कंग्राळी खुर्द आणि सात दिवसांची संशोधनशाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. सीमाभागातली जुनी मराठी नियतकालिके, शाळांच्या स्मरणिका, यात्रांची पत्रके आणि सहकारी सोसायट्यांचे वार्षिक अहवाल असा एक संग्रह आमच्या ग्रंथालयात आहे. त्याची सूची मी गेली सहा वर्षे करते आहे आणि माझे पीएच.डी.चे कामही याच संग्रहावर चालू आहे. या सूचीतला सर्वांत अवघड रकाना ‘स्थळ’ हा. एकाच शहराची नोंद आमच्याकडे बेळगाव, बेळगांव, बेळगाम आणि बेळगावी अशी चार तऱ्हांनी देवनागरीत झालेली आहे. कन्नड आणि रोमन लिपीतली रूपे त्याखेरीज. ‘खानापूर’ अशी नोंद असलेल्या अंकांपैकी आमच्या खानापूरचे किती आणि सांगली जिल्ह्यातल्या खानापूरचे किती, हे अंक हातात घेतल्यावाचून सांगता येत नाही. ‘शहापूर’ म्हटले की आमच्या मनात बेळगावचे विणकरांचे शहापूर येते, पण शहापूर ठाणे जिल्ह्यातही आहे आणि यादगीर जिल्ह्यातही. वाचक संगणकावर गावाचे नाव घालतो, संगणक अक्षरे जुळवून पाहतो, आणि एखादा अनुस्वार कमीजास्त असला तरी ‘नोंद नाही’ असे सांगून मोकळा होतो. नोंद तर असते, आणि ती मीच केलेली असते.

माझ्या मार्गदर्शकांनी ‘सिमँटिक वेब’, म्हणजे माहितीचा अर्थ यंत्रालाही हाताळता येईल अशी मांडणी, या विषयावरच्या समर स्कूलला अर्ज करायला सांगितले, तेव्हा मी बराच वेळ घेतला. सात दिवसांची निवासी शाळा बेळगावजवळच्या एका महाविद्यालयाच्या आवारात भरणार होती, म्हणजे जाण्यायेण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता, की बाकीचे बहुतेक उमेदवार संगणकशास्त्राचे असणार आणि मी मात्र नोंदवही व वर्गांक यांतच वाढलेली. अर्जासोबत विषयाचे टिपण आणि स्वतःजवळच्या माहितीचा एक नमुना मागितला होता. मी स्थळाच्या रकान्यासह नऊशे नोंदी पाठवल्या. निवड झाल्याचे पत्र आले त्यात एवढेच लिहिले होते, की तुमच्या नोंदींवर एक गट काम करील, त्यामुळे सर्व नोंदी युनिकोडमध्ये आणाव्यात. जुन्या फाँटात टंकलेल्या तीनशेहून अधिक नोंदी मी आणि आमच्या ग्रंथालयातील सहायकाने एप्रिलभर बसून नव्याने टंकल्या.

दिनक्रम कडक होता. सकाळी नऊ ते एक व्याख्याने, अडीच ते सहा प्रात्यक्षिके आणि जेवणानंतर अकरापर्यंत गटांचे काम. काही अध्यापक धारवाड, पुणे आणि बेंगळूरुहून आलेले होते, काही युरोपातून पडद्यावर बोलत. व्याख्याने इंग्रजीत होत, पण गटांच्या टेबलांवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी एकाच वाक्यात येत असे, आणि आमच्या भागात त्यात कुणालाही वावगे वाटत नाही. आमच्या गटात आम्ही चौघे होतो: कोल्हापूरची एक संगणक अभियंता, धारवाडचा कन्नडभाषक संशोधक विद्यार्थी, निपाणीचे भूगोलाचे एक सर आणि मी. कोल्हापूरच्या मुलीने पहिल्याच संध्याकाळी मला ‘ताई’ म्हणायला सुरुवात केली. धारवाडचा विद्यार्थी शेवटपर्यंत ‘मॅडम’च म्हणत राहिला.

पहिल्या सकाळी विषयाचा इतिहास झाला. टिम बर्नर्स-ली (वेबचे जनक), जेम्स हेंडलर आणि ओरा लॅसिला यांचा ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील लेख मे २००१चा. वेबवरची पाने माणसांनी वाचावीत म्हणून लिहिलेली असतात, त्यांतला अर्थ यंत्रालाही हाताळता येईल अशा रीतीने मांडावा, ही त्यातली मूळ कल्पना. त्या लेखात रंगवलेले चित्र, म्हणजे आपली कामे परस्पर करून टाकणारे सॉफ्टवेअर-मदतनीस, त्या रूपात प्रत्यक्षात आले नाही, हे अध्यापकांनी स्वतःच स्पष्टपणे सांगितले आणि त्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. जे टिकले ते पायाचे काम. आरडीएफ ही मांडणीची पद्धत १९९९ साली वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची शिफारस, म्हणजे मानक, झाली, तिची १.१ ही आवृत्ती २०१४ मध्ये आली, स्पार्कल ही प्रश्न विचारण्याची भाषा २००८ मध्ये आली, आणि २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडाटा या खुल्या माहितीकोशाची माहितीही आज याच पद्धतीने खुली मिळते.

त्यानंतर फळ्यावर एक विधान लिहिले गेले: मलप्रभा, उगम, कणकुंबी. तीन पदे, म्हणजे एक ट्रिपल. कशाविषयी बोलतो आहोत, कोणता संबंध सांगतो आहोत आणि तो कशाशी, एवढेच. जगातली कोणतीही माहिती अशा तीन-तीन पदांच्या विधानांत मोडायची आणि त्यांतल्या वस्तूंना व संबंधांना वेबवरचा एकेक कायमचा पत्ता, म्हणजे यूआरआय, द्यायचा. मला अडवून ठेवणारी गोष्ट पुढची होती. कणकुंबी या गावाचा पत्ता हा एक निव्वळ ओळखक्रमांक असतो, आणि ‘कणकुंबी’ हे नाव त्या क्रमांकाला जोडलेले आणखी एक विधान असते. नाव म्हणजे ते गाव नव्हे. मराठी नावाला मराठीची खूण, कन्नड नावाला कन्नडची, आणि हवी तितकी नावे जोडली तरी गाव एकच राहते. स्कॉस या, संज्ञांच्या सूची मांडण्यासाठीच्या, २००९ सालच्या शिफारशीत तर प्रत्येक भाषेसाठी एकच मुख्य नाव आणि बाकीची पर्यायी नावे अशी सोय आहे. निपाणी हे मराठीतले मुख्य नाव, निप्पाणी हे कन्नडातले. हलशी मराठीतले, हलसी कन्नडातले. कोणतेही दुसऱ्याखाली दबत नाही. सहा वर्षे मी चार नावांतून एक निवडून बाकीची खोडण्याच्या मागे होते. त्या सकाळी मी वहीत ‘खोडू नये’ असे दोन शब्द लिहिले आणि त्यांखाली रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशीचा ऑन्टॉलॉजीचा वर्ग मला सोपा गेला, याचे श्रेय रंगनाथनांना. शियाळी रामामृत रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ची. कोणताही विषय व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल या पाच पैलूंत उलगडावा, हे ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. एखाद्या क्षेत्रात कोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत, त्यांच्यात कोणते संबंध संभवतात आणि त्या संबंधांचे नियम कोणते, हे यंत्राला कळेल इतक्या नेमकेपणाने लिहून काढणे म्हणजे ऑन्टॉलॉजी, असे सांगितले गेले तेव्हा संगणकाची मुले काहीशी चाचपडत होती आणि मी मात्र परिचित भूमीवर उभी होते. स्थल आणि काल हे दोन स्वतंत्र पैलू आहेत, हे मला पदविका अभ्यासक्रमापासून ठाऊक होते. तरीही चौथ्या दिवशी आमच्या गटाने काल गाळून स्थल मांडले, आणि ते पाप माझ्याही माथी आहे.

त्याआधी कंग्राळीचे प्रकरण झाले.

नऊशे नोंदींतील गावांची नावे आणि जनगणनेच्या यादीतील गावांची नावे यांची सांगड घालण्याचे काम तिसऱ्या दिवशी होते. कोल्हापूरच्या मुलीने त्यासाठी एक सुबक प्रोग्रॅम लिहिला. नावामागे येणारे कंस, टिंबे आणि सुटी इंग्रजी अक्षरे काढून टाकायची, उरलेली अक्षरे ताडून पाहायची आणि नव्वद टक्क्यांहून अधिक जुळली तर ‘ही दोन्ही एकच’ असे विधान लिहायचे, असा त्याचा क्रम होता. हे विधान ओडब्ल्यूएल या ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या भाषेत, जिला सगळे ‘आउल’ म्हणतात, ‘सेमअ‍ॅज’ या संबंधाने लिहितात. रात्री साडेनऊला निकाल आला, त्यात शंभराहून जास्त गावे जुळली होती आणि आम्ही खूष होतो. मी छापील यादी घेऊन पाणी प्यायला मेसमध्ये गेले. तिथे भांडी आवरणाऱ्या मावशींशी दोन दिवसांत ओळख झाली होती, आणि त्या कंग्राळीहून येतात एवढे मला माहीत होते. यादीत कंग्राळी दिसली म्हणून मी सहज म्हटले, “मावशी, तुमचं गाव पण आलंय बघा यात.”

त्यांनी विचारले, “बीके का केएच?”

मी यादीकडे पुन्हा पाहिले. यादीत नुसतेच ‘कंग्राळी’ होते.

“आमची बीके, मॅडम. केएचला माझी भैन दिलीया.”

कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही बेळगावला लागून असलेली दोन स्वतंत्र गावे आहेत. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे, हे फारसीतून आलेले शब्द महाराष्ट्रभर गावांच्या नावांमागे दिसतात. सरकारी कागदांत त्यांची ‘बीके’ आणि ‘केएच’ अशी इंग्रजी अक्षरे होतात, आणि आमच्याकडे तर ती अक्षरेच बोलीत रुळली आहेत. बसच्या पाटीवरही तीच असतात. प्रोग्रॅमने नेमकी तीच अक्षरे कचरा म्हणून झाडून टाकली होती. मी स्वतः या रस्त्याने किती वेळा गेले असेन, पण निकालाच्या आनंदात माझ्याही लक्षात आले नाही. टेबलाशी परतून पाहिले तो आमच्या माहितीत कंग्राळी नावाचे एकच गाव झाले होते आणि त्याला जनगणनेचे दोन संकेतांक चिकटले होते. ‘सेमअ‍ॅज’ हा संबंध दोन्हीकडून लागू होतो आणि साखळीने पुढेही जातो, त्यामुळे एका गावाविषयीचे प्रत्येक विधान आपोआप दुसऱ्याचे झाले होते. बुद्रुकच्या शाळेची स्मरणिका खुर्दच्या नावावर गेली होती.

त्या रात्री आम्ही जुळलेल्या सगळ्या जोड्या एकेक करून हाताने तपासल्या. निपाणीचे सर नकाशा उघडून बसले, मी अंकांची मुखपृष्ठे आठवत होते, आणि एक वाजता, वळवाचा पाऊस येऊन वीज गेली तेव्हा, सात चुकीच्या जोड्या सापडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आमच्या गटाच्या मार्गदर्शक मॅडमनी सांगितले, की या क्षेत्रात ‘सेमअ‍ॅज’चा असा सढळ वापर ही जुनी आणि सर्वत्र आढळणारी अडचण आहे, खात्री नसेल तिथे स्कॉसमधला ‘क्लोजमॅच’, म्हणजे ‘बहुधा तेच’ असे सांगणारा सौम्य संबंध वापरावा, कारण त्यावरून रीझनर, म्हणजे विधानांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम, दोन वस्तूंचे एकीकरण करीत नाही. मावशींची गोष्ट त्यांना फार आवडली. नावांतले कोणते अक्षर अर्थाचे आणि कोणते बिनअर्थाचे, हे त्या गावात राहणारे माणूसच सांगू शकते, असे माझे तेव्हापासून ठाम मत आहे.

आता चौथ्या दिवसाविषयी. सकाळी ओडब्ल्यूएलच्या पायाशी असलेल्या वर्णनात्मक तर्कशास्त्राचे व्याख्यान झाले. एका सकाळी पेलणारा तो विषय नव्हता; त्याला दोन दिवस द्यायला हवे होते आणि अखेरच्या अभिप्रायात मी तसे लिहिलेही. दुपारी प्रत्येक गटाने प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये आपली ऑन्टॉलॉजी मांडून तिच्यावर रीझनर चालवायचा होता. रीझनर म्हणजे लिहिलेल्या विधानांवरून निघणारी, पण आपण न लिहिलेली विधाने शोधून देणारा प्रोग्रॅम. आम्ही गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य असे वर्ग केले, बेळगाव शहर, बेळगाव तालुका आणि बेळगाव जिल्हा या तीन वेगळ्या वस्तू आहेत हे काळजीपूर्वक नोंदवले, आणि ‘गावाचे राज्य’ हा संबंध ‘फंक्शनल’ म्हणून घोषित केला. फंक्शनल म्हणजे ज्याचे उत्तर एकच असते असा. गावाला राज्य एकच असणार, हे आम्हा चौघांनाही इतके उघड वाटले की त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. ‘राज्याची राजधानी’ हा संबंधही तसाच फंक्शनल केला.

माहिती माझ्या नोंदींतून भरली. आमच्याच तालुक्यातल्या नंदगडचे उदाहरण घेते. १९५०च्या दशकातील एका सोसायटीच्या अहवालावर नंदगड, मुंबई राज्य असे छापलेले आहे. १९६०च्या दशकातील एका स्मरणिकेवर नंदगड, म्हैसूर राज्य. आणि पुढच्या अंकांवर नंदगड, कर्नाटक. तिन्ही नोंदी खऱ्या, तिन्ही मी मुखपृष्ठावरून जशाच्या तशा उतरवलेल्या. रीझनर चालवला. कुठेही लाल खूण उमटली नाही, म्हणजे विसंगती नाही, असे समजून आम्ही चहाला उठणार होतो. धारवाडच्या विद्यार्थ्याने सहज ‘मुंबई राज्य’ या नोंदीवर टिचकी मारली आणि तो म्हणाला, “मॅडम, हे जरा बघा.”

रीझनरने काढलेली विधाने प्रोटेजेमध्ये पिवळ्या पट्टीत दिसतात. तिथे पिवळ्या पट्टीत लिहिले होते, की मुंबई राज्य आणि म्हैसूर राज्य एकच. मुंबई राज्य आणि कर्नाटकही एकच. ओळीशेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारली की कारण दिसते. कारण तीन ओळींचे होते: नंदगडचे राज्य मुंबई, नंदगडचे राज्य म्हैसूर, आणि गावाचे राज्य एकच असते. आम्ही आणखी खाली गेलो. राज्य एकच असेल तर राजधानीही एकच, म्हणून मुंबई शहर आणि बेंगळूरु शहर हेही एकच झाले होते.

टेबलावर काही क्षण कोणीच बोलले नाही. मग मार्गदर्शक मॅडमनी खुर्ची ओढून घेतली आणि शांतपणे समजावले. आपल्याला वाटते, दोन नावे म्हणजे दोन वस्तू. ओडब्ल्यूएल तसे धरून चालत नाही. दोन नावे एकाच वस्तूची असू शकतात, हेच तर आपण पहिल्या दिवशी निपाणी आणि निप्पाणी यांच्याबाबत मान्य केले होते. म्हणून उत्तर एकच असते असा नियम सांगून दोन उत्तरे दिली, तर रीझनर तक्रार करीत नाही. दोन्ही उत्तरे म्हणजे एकच वस्तू, असा निष्कर्ष काढतो. त्याने आमचे म्हणणे अक्षरशः पाळले होते. मॅडमनी आम्हाला ‘मुंबई राज्य आणि म्हैसूर राज्य भिन्न आहेत’ असे विधान घालून पुन्हा चालवायला सांगितले. या वेळी रीझनरने संपूर्ण माहितीच विसंगत ठरवली, कारण आता सर्व विधाने एकाच वेळी खरी असणे शक्य नव्हते. आणि तरीही माझ्या नोंदींतले एकही विधान खोटे नव्हते.

चूक कालाची होती. ‘नंदगड मुंबई राज्यात आहे’ हे विधान ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत खरे होते. राज्य पुनर्रचना कायद्याने १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. या तारखा मी फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या. १ नोव्हेंबर ही तारीख आमच्या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मराठी घरांत तो काळा दिवस म्हणून पाळतात. धारवाडच्या विद्यार्थ्याच्या घरी तो राज्योत्सव असतो. त्याने फळ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “यांतला राज्यबदल कोणता आणि नावबदल कोणता, हे आधी वेगळं करू या का?” प्रश्न अगदी योग्य होता, आणि त्या दिवसाचे उरलेले तीन तास आम्ही त्यावरच घालवले.

१९५६चा बदल हा संबंधाचा बदल होता: गाव तेच, पण ज्या राज्याशी ते जोडलेले होते ते वेगळे. १९७३ आणि २०१४चे बदल नावांचे: वस्तू तीच, तिला जोडलेले अधिकृत नाव वेगळे. म्हणजे रीझनरने म्हैसूर आणि कर्नाटक एक केले ते बरोबरच होते, मात्र चुकीच्या कारणाने. मुंबई आणि म्हैसूर एक केले ते चूक. सूचीकार म्हणून मला हा भेद आधीच दिसायला हवा होता. माझ्या नोंदवहीत दोन्ही प्रकारचे बदल एकाच रकान्यात, एकाच शाईने लिहिलेले आहेत.

पाचव्या दिवशी नवी रचना केली. गाव आणि राज्य यांना थेट न जोडता मध्ये ‘प्रशासकीय स्थिती’ नावाची एक स्वतंत्र वस्तू घेतली. तिला गाव, जिल्हा, राज्य, आरंभदिनांक, अंतदिनांक आणि आधार अशी सहा अंगे. नंदगडला आता दोन स्थिती मिळाल्या आणि दोन्ही सुखाने शेजारी बसल्या. विकिडाटातही विधानाला आरंभकाल आणि अंतकाल जोडण्याची सोय अशीच आहे, हे त्या दिवशी पाहिले. एक अडचण मात्र अनपेक्षित आली: दिनांक भरून रीझनर चालवताच तो थांबला. ओडब्ल्यूएल २ मध्ये प्रमाण मानलेल्या प्रकारांत वेळेसह दिनांक आहे, नुसता दिनांक नाही, हे कळायला आमचा दीड तास गेला. प्रत्येक तारखेपुढे मध्यरात्रीची वेळ जोडली आणि काम पुढे सरकले. तरी तारखांची तुलना हे रीझनरचे काम नव्हे, ते स्पार्कलकडे द्यावे लागते, हाही धडा त्याच दुपारचा.

रचनेची परीक्षा निपाणीच्या सरांनी सुचवली. खानापूर आणि चंदगड हे शेजारशेजारचे तालुके. १९५६ पूर्वी दोन्ही बेळगाव जिल्ह्यात आणि दोन्ही मुंबई राज्यात होते. १९५६ मध्ये खानापूरचा जिल्हा तोच राहिला आणि राज्य बदलले. चंदगडचे राज्य तेच राहिले आणि जिल्हा बदलून कोल्हापूर झाला. पुढे १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि चंदगड महाराष्ट्रात आले. सरांचा प्रश्न असा: १९५५ साली बेळगाव जिल्ह्यात होती आणि आज नाहीत अशी गावे दाखवा. स्पार्कलमध्ये तो प्रश्न लिहायला आम्हाला चाळीस मिनिटे लागली. उत्तरात चंदगड तालुक्यातील आमच्या संग्रहात असलेली अकरा गावे आली आणि खानापूरचे एकही आले नाही. सरांचे आजोळ चंदगड तालुक्यातले. यादीत ते गाव दिसल्यावर त्यांनी पडद्यावर बोट ठेवले आणि ते नाव दोनदा वाचले.

सहावा दिवस शॅकलचा होता, आणि माझ्यासाठी सर्वांत अवघड. ओडब्ल्यूएलचे गृहीत असे, की जे लिहिलेले नाही ते खोटे नसून अज्ञात आहे. ‘प्रत्येक स्थितीला किमान एक आधार असतो’ असे त्यात लिहिले आणि एखाद्या स्थितीचा आधार दिलाच नाही, तरी रीझनर हरकत घेत नाही; आधार असेलच, आपल्याला ठाऊक नाही इतकेच, असे तो मानतो. माहिती खरोखर भरलेली आहे का, हे तपासायला २०१७ साली शिफारस झालेली शॅकल ही वेगळी भाषा वापरतात. आम्ही नियम लिहिले: प्रत्येक गावाला मराठी आणि कन्नड नाव हवे, प्रत्येक स्थितीला आरंभ हवा, प्रत्येक स्थितीला आधार हवा. तपासणीचा अहवाल कित्येक पाने चालला. नावांच्या त्रुटी थोड्या होत्या, आणि त्या धारवाडच्या विद्यार्थ्याने दुपारपर्यंत भरून काढल्या. आधाराच्या त्रुटी दोनशेहून अधिक होत्या. ज्या अंकांवर स्थळ छापलेले नव्हते, तिथे मी संपादकाच्या पत्त्यावरून, मुद्रणालयावरून किंवा केवळ माझ्या माहितीवरून स्थळ लिहिले होते आणि तसे केल्याचे कुठेही नोंदवले नव्हते. बहुतेक नोंदी बरोबर असतील. पण त्या का बरोबर आहेत, हे माझ्यानंतर या खुर्चीवर बसणाऱ्या व्यक्तीला कळण्याचा कोणताही मार्ग मी ठेवलेला नव्हता. ते पानांमागून पाने पाहताना मला मनापासून वाईट वाटले. मार्गदर्शक मॅडमनी एवढेच सांगितले, की ‘आधार: सूचीकाराची माहिती’ हादेखील आधारच आहे, फक्त तो लिहा.

सातव्या दिवशी सादरीकरणे झाली. आम्हाला वीस मिनिटे मिळाली. त्यांतली आठ मी कंग्राळी आणि नंदगड यांना दिली, कारण बाकी सर्व त्यांतूनच आलेले होते. परीक्षकांपैकी एकांनी विचारले, की विकिडाटा असताना वेगळी रचना कशासाठी. आम्ही सांगितले, की गावांचे ओळखक्रमांक आम्ही शक्य तिथे विकिडाटाचेच घेतले आहेत. आमची भर आहे ती स्थिती, आधार आणि त्या आधारांमागचे प्रत्यक्ष अंक यांची. ते उत्तर त्यांना पटले. त्यांनी एक सूचना केली, की राज्य पुनर्रचनेआधी संस्थानांत असलेल्या गावांची, जसे सांगली संस्थानात असलेल्या शहापूरची, स्थिती मांडून पाहावी, म्हणजे रचना किती भार सोसते ते कळेल. ते काम अजून व्हायचे आहे. निरोपाच्या वेळी सर्वांना कुंद्याचा एकेक डबा मिळाला. मेसच्या मावशींना मी सुधारलेली यादी दाखवायला नेली. त्यांनी दोन्ही कंग्राळी वेगवेगळ्या ओळींवर आहेत याची खात्री करून घेतली आणि बहिणीला सांगते म्हणाल्या.

परत आल्यावर आमच्या सूचीतला ‘स्थळ’ हा रकाना मी बंद केला. त्याच्या जागी आता चार आहेत: अंकावर छापले आहे तसे नाव, गावाचा ओळखक्रमांक, त्या काळची प्रशासकीय स्थिती आणि आधार. पहिल्या रकान्यात काहीही सुधारायचे नाही, अनुस्वारसुद्धा नाही, असे सहायकाला बजावून सांगितले आहे. रोज साधारण पंधरा नोंदी होतात. ‘क’ संपला, कंग्राळीच्या दोन्ही नोंदी स्वतंत्र झाल्या. ‘ख’मध्ये खानापूरच्या एकवीस नोंदी आहेत, आणि त्यांपैकी नऊ अंकांवरचे खानापूर कोणते, हे मूळ अंक काढून मुद्रणालयाचे नाव पाहिल्याखेरीज ठरणार नाही. ते अंक माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत आणि पावसाआधी ते खाली आणायचे आहेत.